उन्हाळ्यात उन्हाळ्याला

गुडघ्यांसाठी डॉक्टर हुद्दारांनी चिठ्ठीवर लिहून दिलं:
समुद्राकाठचं उन्हाळं, सात दिवस, सकाळ-संध्याकाळ.
वैजू म्हणाला, आंबोलीतून बस हाय, पाच तासांत पोचाल.
मी म्हटलं, गुडघे माझे, वाट पण माझी.
बेळगाव, लोंढा, मडगाव, मग कोकण रेल्वेनं वर;
दोनदा गाडी बदलायची, एक रात्र बाकड्यावर.
शेवंता म्हणाली, डोक्यामागनं घास घ्यायची तुमची खोडच की.
आणि पिशवी भरली.
तिनं समुद्र बघितलेला नव्हता. हे मला
खानापूर गेल्यावर कळलं.
चाळीस वर्षांत कधी विचारलंच नव्हतं.

देसूर. इदलहोंड. खिडकीशी माझी वही,
अकरावी.
इंजिनाचा नंबर, डबे, किती मिनिटं लेट.
पाट्यांवर वर कन्नड, खाली इंग्रजी,
मधली ओळ हिंदीची,
आम्ही ती आपली म्हणून वाचतो.
ळ च्या जागी कुठं ल दिसला
की भातात खडा लागतो.
गुंजीला करवंदं चढली पानाच्या द्रोणात.
शेवंतानं दोन रुपयांवरून घासाघीस केली,
गाडी सुटली तरी तिचं चालूच.

लोंढ्याला अडीच तास.
फलाटाच्या टोकाला पाण्याची ती लोखंडी सोंड
अजून उभी, गंजून लाल,
तिच्यात आता साळुंक्या.
मीटरगेजच्या वेळेला बा इथं खलाशी होता.
माझ्या धाकट्या बहिणीची पहिली आंघोळ
इंजिनाच्या पाण्यानं.
रुजाय फायरमननं तांब्याची घागर धरून
वाफेसकट भरून दिलेली,
आणि आईनं फलाटावरच विचारलं होतं,
कोळशाचा वास लागणार नाही ना पोरीला?
लागला असणार. ती पुढं गार्डालाच दिली.

हे मी दस्तगीर चहावाल्याला सांगत बसलो.
त्यानं काही म्हटलं नाही,
बंबातलं पाणी बादलीत ओतलं,
पार्सलच्या ढकलगाडीवर मला बसवलं,
पाय आत.
मग मूठभर मीठ टाकलं वरून.
घ्या, म्हणाला, समुद्र.

आणि नेमकी तेव्हाच घाटाला निघालेली मालगाडी आली,
चुन्याच्या दगडांची, एकोणसाठ वाघिणी,
मागं तीन इंजिनं जोडायला लागले.
कपलिंगचा तो आवाज. पोटात बसतो.
शेवंता म्हणाली, दोन नंबरला आपली लागली, उठा.
मी म्हटलं, थांब, तिसरं जोडू दे.
ती म्हणाली, उठा.
मी म्हटलं, एक मिनिट.

एक मिनिट मला माहीत आहे.
सिग्नल हिरवा होऊन चाक हलेपर्यंतचं,
त्यात काय काय बसतं ते सगळं माहीत आहे.
त्यात एक बाई पिशवी उचलून
लोखंडी जिना चढून, उतरून
गाडीत बसते, हे माहीत नव्हतं.

मालगाडीच्या फटीतून दिसली ती,
खिडकीशी, माझ्याच बाजूच्या.
हात केला नाही. करवंदाचा द्रोण
वर करून दाखवला, जसं काय
हिरवा बावटा.

संध्याकाळच्या गाडीनं मी घरी.
वैजूनं कपाळाला हात लावला.
दुसऱ्या दिवशी दुपारी फोन:
पाणी लई कढत हाय वो,
पाय घालवत नाही. आणि तो समुद्र,
नुसता येतोय आणि जातोय,
येतोय आणि जातोय,
टाइमटेबल नाही त्याला काही.
तुम्हाला करमलं नसतं.

रात्री वही उघडली.
लोंढा, फलाट दोन, बारा डबे,
सुटली चौदा-सत्तावीस, सात मिनिटं लेट.
शेराच्या रकान्यात आजवर
पाऊस, धुकं, रुळावर म्हैस, एवढंच असायचं.
तिथं लिहिलं:
मागून चौथा डबा, तिसरी खिडकी, शेवंता.
इंजिनाचा नंबर
घ्यायचा राहिला.